उलट्या गाठी

३ फेब्रुवारी १९९९
टोचली एकदाची सुई! दवाखान्याच्या वहीत फक्त दुखण्याचे आकडे लिहायचे. बाकी बडबड इथं.

हेमलता डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या सांध्यातल्या पेशी एकमेकींना सारखा निरोप धाडतात — सूज आणा, सूज आणा! हे नवं औषध त्या निरोपाला वाटेतच धरतं." म्हणजे चहाडखोराला दारापर्यंत येऊच द्यायचं नाही. एवढं सरळ आहे तर! पण निम्म्या बायांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय, डॉक्टरलाही ठाऊक नाही. बारा आठवड्यांनी पाकिटं फोडणार. ही कसली तऱ्हा!

सगुणाबाईही आहे सोबत. बंगळुरात, जयनगरच्या बाजारात वीस वर्षं आमच्या फुलांच्या टोपल्या शेजारी शेजारी. आता दोघींची बोटं आखडली. दुसऱ्यांनी बांधलेल्या माळा विकायच्या — लाज वाटते.

२४ फेब्रुवारी
सहा सुया झाल्या. फरक शून्य! सकाळी चहाचा पेला धरवेना. मला पाणीच मिळतंय. उद्यापासून बंद. सगुणाबाईला तसं तोंडावर सांगितलं.

२५ फेब्रुवारी
सगुणाबाई घरून माळ बांधून घेऊन आली — चांगली दोन हात लांब! "माझी बोटं चालायला लागली गं कस्तुरे. तू हो पळपुटी!"

गाठी निरखल्या. घट्ट, पण उलट्या वळणाच्या. आखडल्या बोटांना जमेल तशा मारल्या असतील. ही बांधणार आणि मी बघत बसणार? जाते मुकाट्यानं सुईला.

२० मार्च
साडीच्या निऱ्या माझ्या मी घातल्या!!

७ एप्रिल
हातभर मोगरा बांधला. वाकडातिकडा, पण माझा! एक गिऱ्हाईक म्हणते, "स्वल्प सैल आहे, अक्का." म्हटलं, डोक्यात माळायचाय की विहिरीत सोडायचाय? सगुणाबाई हसून हसून टोपलीवर पडली.

तिला म्हटलं, आता तू बांध माझ्यासमोर. तर म्हणते, "बाजारात दृष्ट लागते, घरीच बरं." दृष्ट म्हणे!

२८ एप्रिल
पाकीट फोडलं. मला औषधच होतं! सगुणाबाई आपलं पाकीट पदरात खोचून चालू लागली. "माझं काय बघायचंय? सरी, बरं, येते, उशीर झाला."

२९ एप्रिल
पेढे घेऊन सगुणाबाईकडे गेले. दारात तिची सून भव्या माळ बांधत बसलेली. डावखुरी! गाठी उलट्या वळणाच्या.

पाकीट मागून घेतलं. सगुणाबाईला बारा आठवडे पाणी. लबाड बाई! "नाहीतर तू औषध सोडलं असतंस की," म्हणाली.

पाणीवाल्यांना आता खरं औषध देणार आहेत. सोमवारी हिला ओढत नेते. तोवर तिच्या टोपलीतला मोगरा मी बांधणार.