कांचनची सही

२ जून, सोमवार
आज रुजू झाले. बडोद्यात उषाआत्याशिवाय माझं कुणी नाही, पण तिच्या अकोट्याच्या घरी पोटभर खायला मिळतं आणि तेवढंच ऐकूनही घ्यावं लागतं. सरकारने मानसिक आरोग्याला माणसं वाढवायची ठरवली, त्यात निजामपुऱ्याच्या नव्या केंद्रात समुपदेशक म्हणून माझी वर्णी लागली. दोन खोल्या, दोन पदं. दुसरी, कांचन, अजून आलीच नाही. पद रिकामं दिसलं तर वरचे काढून घेतील, तेव्हा मस्टरवर तिचीही सही करत जा, चालशे, चालतं इथे, असं केंद्राचे प्रमुख दिनकररावसाहेब म्हणाले. केली. आपल्या बापाचं काय जातंय.

१० जून, मंगळवार
गेल्या मंगळवारी नुसती बसून गेलेली सानवी आज बोलली. कॉलेजातली पोर, पाच महिने घरात कुणाशी शब्द नाही. म्हणाली, आज मंगळवार, म्हणून मी अंथरुणातून उठले. ती गेल्यावर मी रडले. जाताना तिची आई म्हणाली, बाजूच्या खोलीतल्या बेनही मायाळू आहेत. त्या खोलीला कुलूप असतं. मी हसण्यावारी नेलं.

१३ जून, शुक्रवार
आज कुलूप नव्हतं. टेबलावर अर्धा कप चहा, गरम. शिपाई म्हणतो, कांचनबेननी मागवला. मी दिनकररावांच्या मागेच लागले, तेव्हा ते बोलले. कांचन मार्चमध्येच गेली. रुजू व्हायला येताना, छाणीजवळ, ट्रकखाली. पद जाऊ नये म्हणून त्यांनी वर कळवलंच नाही.

म्हणजे मी मेलेल्या बाईला रोज हजर करत होते. आता सही करणार नाही, असं सांगून आले.

१६ जून, सोमवार
मी कांचनची सही केली नाही. तरी तिची आहे. माझ्याच अक्षरात. माझ्या नावापुढे लाल शाईत गैरहजर. दिनकररावांना दाखवायला गेले, त्यांनी मान वर केली नाही.

१७ जून, मंगळवार
आत्याने सकाळी एकच ताट वाढलं — स्वतःचं.

अकरा वाजले. सानवी आली. मी हाक मारली. ती माझ्या अंगावरूनच बाजूच्या खोलीत गेली. दार लागलं.

आतून माझा आवाज येतोय. घाई नाही, मी इथेच आहे — हे मी तिला पहिल्या दिवशी म्हटलं होतं. सानवी हसतेय. आवाज म्हणतोय, आता इथे यायला नको, माझ्याबरोबरच चल —

दार उघडत नाही. मस्टर समोर आहे, पेन त्यावर उमटत नाही. इथे डायरीत उमटतंय, तिथे नाही —

माझ्या नावापुढे कुणीतरी सही करा. कुणीही. चालशे. फक्त सानवीला त्या खोलीतून