मुराळी गेले, समुद्रात उतरले

आबा, मी एकदा समुद्रात उडी टाकली होती. उंच खडकावरून, लुगड्याचा कासोटा घालून, पायात जावयाचे कॅनव्हासचे बूट चढवून. तुम्ही असता तर आधी पोट धरून हसला असता आणि मग विचारलं असतं, पाणी किती खोल होतं गं. ते मलाही सांगता येत नाही. तळ लख्ख दिसत होता, पण पायाला काही लागला नाही. ही हकिकत घडली तेव्हा तुम्हाला जाऊन बराच काळ लोटला होता, आणि आता तर तुम्ही गेलात त्या वयाच्याही पुढं मी येऊन बसले आहे. लेकरांच्या पाट्या गिरवून गिरवून अक्षर शिकले, त्यामुळं माझं लिहिणं माझ्या भाकरीसारखंच. कडा सारख्या नाहीत, पण करपू देत नाही. तसंच गोड मानून घ्या.

थोरल्या लेकीचं लग्न केलं ते आपल्याच मुलखातल्या मुलाशी, पण त्याला मास्तरकीची नोकरी लागली थेट कोकणात, समुद्राच्या काठी. पिंगळीच्या शिवारात वाढलेली पोर, तिनं एवढं पाणी कधी बघितलं होतं? तिची पत्रं यायची. आई, इथं दिवसरात्र समुद्र गरजतोय, मला लय भ्या वाटतंय, मला न्यायला ये. पहिलं पत्र मी उशाखाली ठेवलं, दुसरं आल्यावर काही सुधरेना. त्यात ज्वारीची काढणी ऐन भरात, घरातल्या गड्यांना मान वर करायला फुरसत नाही. म्हणून मुराळी मीच निघाले. लेकीला माहेरी आणायला बापानं जावं, भावानं जावं, हा आपला रिवाज. बाई मुराळी गेलेली मी तरी ऐकली नव्हती. पण तुम्हाला खरं सांगते, मी नुसती चार दिवसांसाठी आणायला निघाले नव्हते. मनात पक्कं होतं की एकदा घरी आणली की परत पाठवायचीच नाही. जावयानं परभणीकडं बदली करून घ्यावी, नाही झाली तर त्याचा तो बघेल.

विद्यापीठाच्या नामांतराची वर्षं होती ती. कुठला रस्ता कधी बंद होईल याचा भरवसा नसायचा. काही गावांत वस्त्यांवरची घरं जळाली होती, आणि माणसं एका बसमध्ये बसूनही एकमेकांकडं बघत नव्हती. आमची बस देवगाव फाट्यावर अडकली. सगळे खाली उतरून सावली धरून बसलो, हे इकडं आणि ते तिकडं. एक म्हातारा पानाला चुना लावत मला म्हणाला, "कुठं चाललाव बाई, एवढं गाठोडं घेऊन?"

"लेकीला आणायला."

"मुराळी? घरात गडी न्हाईत का?"

"हायत की. जवारी काढायलेत."

"मंजे लेकीपरीस जवारी मोठी म्हणा की."

"तसं न्हाई, बाबा. जवारीला इळा लागतो, लेकीला आई लागती."

इकडचे हसले तसे तिकडचेही हसले. तिकडच्या एका बाईनं मग सरकून मला जागा दिली, आणि बस सुटेपर्यंत आम्ही दोघी एकाच तांब्यातून पाणी प्यालो. बाकीच्यांनी बघितलं, पण कुणी काही बोललं नाही. एवढंच झालं, पण त्या दिवसांत एवढंही सहज होत नव्हतं.

बस बदलत बदलत, घाट उतरून पोचले. लेक उन्हानं काळवंडली होती, हाताला मासळीचा नाही पण मिठाचा वास येत होता. मी गाठोडं ठेवलं आणि म्हटलं, बांध तुझे कपडे. ती म्हणाली, "आई, आदी च्या तर पी." मग जावई मला घरामागं घेऊन गेला, आणि आबा, मी तिथं तशीच उभी राहिले. आपली काळी रानं मी डोळा पोचेल तिथवर पसरलेली बघितली आहेत, पण प्रत्येक रानाला कुठंतरी बांध असतो, बांधावर बाभूळ असते. याला बांधच नव्हता. नुसतं हलणारं, चकाकणारं, आभाळाला जाऊन चिकटलेलं. कुणीतरी खाली बसवल्यासारखी मी वाळूत बसले.

जावई गरीब स्वभावाचा, पण त्या दिवशी धीट झाला. म्हणाला, "आई, उद्या रविवार हाय. समोरच्या बेटाला वळसा मारू. मग लेकीला न्यायचं तर न्या, मी आडवा येणार न्हाई." ते बेट म्हणजे पाण्यातून वर आलेला काळा डोंगरच. एक जुना खलाशी, होडीवरचा म्होरक्या म्हणून त्याला सगळे तांडेल म्हणायचे, सुट्टीच्या दिवशी हौशी लोकांना तिकडं नेई. ओहोटी लागली की बेटाच्या कडेकडेनं खडकांवरून चालायचं, जिथं खडक संपेल तिथं पाण्यात उतरायचं, पोहून पुढचा खडक धरायचा, आणि असं करत बेटाभोवती फिरून यायचं. मी म्हटलं, याला कशाला जायचं? जावई म्हणाला, "कशालाच न्हाई. बघायला."

तांडेल म्हणजे बोलघेवडा माणूस, मिशी मोठी आणि फुशारकी तिच्याहून मोठी. "दर्याक भरती येवची झाली तर आधी माका इचारता," असं सांगत त्यानं आमच्या कमरेला जाळ्याची बुचं ओवलेले पट्टे बांधले. माझा कासोटा बघून जरा थबकला. "पोहूक येता मां, बाये?"

"हिरीत येतंय," मी म्हटलं.

तो इतका हसला की होडी हलली. मला राग आला. तुम्ही शिकवलेलं पोहणं होतं ते. बाकीच्या पोरींना कुणी पाण्याला शिवू देत नव्हतं आणि तुम्ही माझ्या पाठीला पांगऱ्याचा वाळका ओंडका बांधून मला विहिरीत सोडलं होतं. चुलत्यानं विचारलं, पोरीच्या जातीला कशाला हे? तुम्ही म्हणालात, पाणी पोरगा का पोरगी बघून बुडवत न्हाई. मी गटांगळ्या खात होते आणि तुम्ही वरून सांगत होता, "भिऊ नको, हिरीला चारी अंगानं दगुड हाय. दमलीस का जवळचा दगुड धर." ते मी असं शिकले की झोपेत कूस बदलतानाही माझा हात भिंत शोधायचा.

बेटावर उतरलो. आबा, खडक म्हणजे आपल्यासारखा गुळगुळीत दगड नव्हे. त्याला कालवं चिकटलेली असतात, त्यांच्या शिंपल्यांची धार अशी की बूट नसते तर पावलांची चाळण झाली असती. खडकातल्या खोलगट जागांत पाणी साठून राहिलेलं, आणि त्या परातीएवढ्या पाण्यात केवढा संसार म्हणून सांगू. नखाएवढे खेकडे, काचेसारखे आरपार दिसणारे मासे, आणि एक फूल. खरोखरचं फूल, करडईच्या फुलासारखं, पाण्याखाली उमललेलं. मी बोट लावलं तर त्यानं माझं बोट हळूच धरलं आणि मिटून घेतलं. मी तिथं किती वेळ वाकून होते कोण जाणे. तांडेल म्हणाला, चला, मी म्हटलं, थांब बाबा, यानं हात धरलाय. पुढं एका कपारीत पाणी शिरायचं आणि आत कुठंतरी ढोलावर थाप पडल्यासारखं घुमायचं. माझ्या छातीत ते घुमणं कितीतरी वेळ वाजत राहिलं. देवळात जाऊन जे होतं म्हणतात आणि मला कधी झालं नव्हतं, ते मला त्या कपारीसमोर झालं. मी हात जोडले. लेक माझ्याकडं बघून हसली नाही, तिनंही जोडले.

मग एक घळ आली. दोन खडकांच्या मधी हिरवंगार पाणी, वर येणारं, खाली जाणारं, चुलीवरच्या आधणासारखं. पलीकडं जायचं तर वरून उडी टाकून पोहून जायचं. मागं फिरायची सोय नव्हती, कारण आलो ती वाट भरतीच्या पाण्याखाली जायला लागली होती. तांडेल आधी गेला, मग जावई. मी म्हटलं, लेकीचं कसं व्हायचं? पत्रात लिहिणारी, गरजण्याला भिणारी ती पोर. तिचा हात धरावा म्हणून वळले तर ती माझ्या बाजूला नव्हतीच. खाली पाण्यात होती. केस तोंडावर चिकटलेले, आणि तिथून मला म्हणत होती, "आई, टाक. मी हाय हितं."

मी टाकली. वारा कानात शिरला, मग थंडी, मग सगळीकडं हिरवं. डोळे उघडेच होते. उन्हाच्या काड्या पाण्यात तिरक्या उतरलेल्या, आणि खाली माझेच बूट, जावयाचे, कुणा दुसरीचे असावेत असे लांब तरंगत होते. वर आले आणि मग मी ती चूक केली जी आपल्याकडची विहिरीत शिकलेली बाईच करू शकते. जवळचा दगड गाठला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरला. लाट आली, तिनं मला दगडावर आपटलं. लाट गेली, तिनं मला ओरबाडून खाली ओढलं. तळव्यांची सालटं निघाली तरी मी सोडीना. तांडेल पलीकडून ओरडत होता, "खडपाक धरू नको गे, खडपाक धरू नको." मला शब्द कळत होते पण हाताला कळत नव्हते. पुन्हा आपटले. नाकातोंडात खारट पाणी गेलं, आणि मनात आलं की मुराळी आलेली बाई इथंच राहते आता.

तेव्हा लेक जवळ आली. पण हात लावेल एवढी नाही, थोडी लांब थांबली. घरी भांडी घासताना बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आई, दगुड सोड. माझ्याकडं ये. हितं मोकळ्यात काहीच होत न्हाई."

"बुडन की गं मी."

"न्हाई बुडत. बुचं हायत. सोड तू."

मी सोडला. कसा सोडला ते विचारू नका. आणि दगडापासून चार हात लांब गेले तसं खरंच सगळं शांत. पाणी नुसतं उचलायचं आणि ठेवायचं, उचलायचं आणि ठेवायचं. लेक म्हणाली, आता मोठी येईल, तिच्यासंगं जायचं. ती आली. आबा, ती मागून आली, माझ्या अंगाखाली शिरली, आणि मला, पाच लेकरांच्या आईला, अल्लद वर नेऊन पलीकडच्या कातळाच्या ओट्यावर ठेवलं. बाईनं उतरंडीवर मडकं ठेवावं तसं. जरासुद्धा आवाज न करता. आणि मग मागं सरून गेली. इतक्या प्रचंड अंगाला इतका हलका हात कुठून आला असेल? मी तिथं बसून राहिले आणि ती गेली त्या दिशेला बघत राहिले.

लेक शेजारी येऊन केस पिळायला लागली. मी विचारलं, "तुला तर समुद्राचं भ्या वाटत होतं ना गं?"

"आताबी वाटायलंय."

"मग उडी कशी टाकलीस?"

"आदी टाकते. भ्यायचं मागून बघते." मग जरा थांबून म्हणाली, "ती पत्रं पहिल्या म्हैन्यातली. तू यायलीस म्हणून कळल्यावर नको कसं म्हणू?"

जावई पलीकडं तांडेलची बोलणी खात होता, सासूबाईला असं कुणी आणतं काय म्हणून. लेक तिकडं बघून हसत होती. ते हसणं मी ओळखलं नाही. माझ्या घरातलं नव्हतं ते, तिनं इथं येऊन कमावलेलं होतं.

कपडे बांध असं मी पुन्हा म्हटलं नाही. माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी तुम्ही मुराळी आला होता ते आठवतं का? मी लुगडी बांधून ठेवली होती. तुम्ही मला शोधत मळ्यात आलात, बांधावर उभे राहिलात, हे मला मागून कळलं; मी मोट हाकत होते. तुम्ही हाक न मारता घरी गेलात, सासूला म्हणालात पेरणीनंतर बघू, आणि पाणीसुद्धा न पिता निघून गेलात. मी किती वर्षं तुमच्याशी सरळ बोलले नाही. तुम्ही त्या दिवशी बांधावरून काय बघितलंत? मी बैलांशी बोलत होते काय, का हसत होते? मला काही आठवत नाही. विचारायचं तेव्हा रागानं विचारलं नाही, आणि विचारावंसं वाटलं तेव्हा तुम्ही नव्हता.

परतीच्या बसला लेक सोडायला आली. खिडकीतून हात आत घालून माझा तळवा उघडून बघितला, हळद लाव म्हणाली. बस हलली आणि मी रडायला लागले, ती घाट चढेपर्यंत थांबलेच नाही. शेजारची बाई म्हणाली, लेक लांब दिली की असंच होतं, माय. घरी आल्यावरही सगळे तेच म्हणाले, आणि मी मान हलवली.

तुम्हाला सांगते, कारण हा कागद टपालाच्या पेटीत टाकायचा नाही, ट्रंकेत लुगड्याच्या घडीत जाईल आणि माझ्याबरोबरच संपेल. मी लेकीसाठी रडत नव्हते. लेक सुखात होती, डोळ्यांनी बघितलं होतं. मी रडत होते ते त्या पाण्यासाठी. आता ज्वारी, मग गहू, मग चूल, आणि त्या लाटेनं मला पुन्हा कधी उचलायचं नाही, म्हणून.