तांब्यानं घ्यायचं पाणी

१२ डिसेंबर
पोचलो एकदाचे. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या वर, माळावर आमचा तंबू. महेंद्र एसटीत कंडक्टर, मी वॉर्डात नर्स; उभं राहून राहून दोघांचेही पाय कामातून गेलेत. चार दिवस रजा मिळाली हेच नशीब. इथं स्वयंपाक करणाऱ्या रंगुबाईंनी गरम पिठलं-भाकरी वाढली. टेकाड उतरलं की ऊनपाण्याचं कुंड आहे म्हणाल्या. पण आत उतरायचं नाही, काठावर बसून तांब्यानं घ्यायचं, असं बजावलंही. ‘आमी समदी तसंच घेतो, ताई.’ तांब्याही दिला. का ते विचारायचं त्राण माझ्यात नव्हतं. पण छान वाटतंय.

१३ डिसेंबर
जरासंच चालणं, तरी गुडघे कुरकुरले. मी तांब्यानं मुकाट पाय शेकले. महेंद्र कसला ऐकतोय. दिवसभर लोकांना ‘पुढं सरका’ म्हणणारा माणूस, त्याला कुणी काही सांगितलेलं खपत नाही. गळ्यापर्यंत उतरला. पाणी कोमटच होतं. सगळा शीण गेला म्हणत हसत वर आला. टॉवेल देताना हात लागला, गार होता. थंडीच आहे म्हणा.

१४ डिसेंबर
आज परत उतरला. पाण्यात बोट घातलं तर चटका बसला, आणि याचं अंग बर्फासारखं. सवयीनं थर्मामीटर लावला. आकडाच येईना. रंगुबाईंना सांगितलं, तर त्यांचा भाकरी थापणारा हात थांबला. ते पाणी माणसाच्या उबेवर तापतं, म्हणाल्या. यांना आता तिकडं जाऊ देऊ नका, घरी न्या. मी खरंच घाबरलेय. उद्या पहिल्या गाडीनं निघायचं.

१५ डिसेंबर, सकाळ
उठले तर महेंद्र तंबूत नाही. कुंडातच होता. हात धरून ओढला, हलेना. दमलो नाही गं, म्हणतो. पाणी उकळतंय. एवढ्या थंडीत माझ्या तोंडातून वाफ निघतेय, याच्या नाही —

रंगुबाई माणसं आणायला वाडीत गेल्यात. हात सोडू नका, पाण्यात पाय घालू नका, म्हणाल्या. सोडला तर बुडेल. वही स्वेटरच्या खिशातच होती; नाइट ड्यूटीला डोळा लागू नये म्हणून लिहीत बसते, तसंच हे, एका हातानं —

पाय फार दुखतायत. काठावर बसले. तांब्या तंबूत राहिला —

नुसते पाय. चटका बसला नाही. किती बरं —

माणसं आली वाटतं. हाक मारायला तोंड उघडलं. वाफच नाही —