बरणीतले निळे खडे

दादा,

बाबांना घेऊन दवाखान्यात जातेय. गाडी खाली थांबलीय. तुझी मोरचुदाच्या खड्यांची बरणी ओट्यावरच्या खिडकीतच आहे. तिच्यातलं आम्लाचं पाणी ओट्यावर सांडलंय, त्यावर मी खायचा सोडा टाकलाय. हातमोजे घालूनच पूस.

घाबरू नकोस. (हे खोडते. मीच घाबरलेय.)

दुपारी बाबा जुना एप्रन बांधून बरणीपुढे उभे होते. दोऱ्यावर वाढलेला निळा खडा त्यांनी उजेडात फिरवून पाहिला, मग पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. मोरचुदाच्या कारखान्यात होते तेव्हा टाकीतलं आम्ल किती उरलंय ते असंच चाखून सांगायचे ना. मी धावत जाऊन हात धरला, त्यात बरणी हिंदकळली. म्हणाले, "धक्का देऊ नये, पोरी. पाणी सावकाश निवलं तर खडा मोठा धरतो. घाई केली की नुसता चुरा."

म्हणजे सगळं आठवतंय, असं वाटून मला हायसं वाटलं.

मग विचारलं, "नवीन लागलीस का कामाला? नाव काय तुझं?"

मी नाव सांगितलं.

"अरे वा. माझ्या मुलीचंही हेच."

चूळ भरायला लावलीय, जीभ जराशी चुरचुरतेय म्हणतात. त्यांच्या विसरण्यावर 'वय झालं की होतंच' असं तू म्हणायचास आणि मीही मान डोलवायचे. डॉक्टरांना जिभेचं मी सांगेन. दुसरं तू येऊन सांग. मला जमणार नाही.