कॅसेटमधला आईचा चेहरा

ती. बाबांना,
दुरूनच पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. डोळ्यांत थेंब ताई घालते की तुम्हीच?

“नव्या टीव्हीवर तुझी आई हुबेहूब दिसते, रोज समोर बसतो,” असं तुम्ही लिहिलंत. तेव्हापासून घास गोड लागत नाही.

मी नव्या टीव्हीसाठी सुधारून पाठवलेलं ते चित्र ताईच्या लग्नाच्या कॅसेटमधलं, मुळात जेमतेम पाचशे रेघांचं. नवा पडदा हजारावर रेघा मागतो. कॅमेऱ्याने न टिपलेल्या रेघा आमच्या दुकानातलं यंत्र हजारो परक्या चेहऱ्यांवरून अंदाजाने भरतं. गिऱ्हाइकांना मी हे आधीच बजावतो. तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही खूश व्हावं, एवढाच लोभ.

त्या पापण्या आईच्या नाहीत, बाबा. तिच्या गालावरचा भाजल्याचा व्रण यंत्राने डाग समजून पुसला आणि तुम्हाला ते जाणवलंही नाही.

चूक सुधारायला बसलो, तर मूळ चित्रात दोन्ही गाल सारखेच पुसट. तिचा एक धड फोटो आपल्याकडे नाही. ताई म्हणते व्रण उजव्या गालावर होता, मला वाटतं डाव्या. टीव्ही बंद करून जरा डोळे मिटा, आणि तिथे ती अजून दिसत असेल तर लगेच कळवा.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारा,
तुमचा मुलगा