बुचाला दोन भोकं

दि. ३ मार्च

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

चाखायचं टेबल मी स्वतः केलं, बाटल्या आडव्या ठेवायचं फडताळ मी केलं, वास ओळखायला शिकण्यासाठी चौसष्ट कुप्या मी भरल्या: ओली माती, वाळलेला गुलाब, डांबर, चामडं. शिकवायला कुणी नव्हतं. हे अशासाठी सांगतो की दाजींच्या नव्या रेस्टॉरंटच्या वाइनच्या कार्डावर चाखणारा म्हणून माझी सही जाणार, आणि त्यांनी चाखायला पाठवलेली बाटली मला पटलेली नाही.

लेबलवर इटलीचं नेब्बिओलो द्राक्ष आहे. त्याची वाइन रंगाला फिकट, विटकरी. पण तोंडात कच्च्या केळ्यासारखी, हिरड्या आवळणारी. चरबीदार मांसाचा घास घेतला की तुरटपणा विरघळतो. मासळीबरोबर घेतली तर लोखंडी चमचा चाटल्यासारखं लागतं. दाजींनी पाठवलेली शाईसारखी काळपट, आणि मासळीबरोबर अगदी गुण्यागोविंदाने नांदली. सोयरीक एवढी सहज जुळली की माझ्या मनात पाल चुकचुकते. व्यापाऱ्याने फसवलं की काय? उघडलेल्या बाटल्यांची बुचं पाठव.

लोभ आहेच, तो आंबू देऊ नकोस.

तुझा धाकटा


दि. ९ मार्च

चि. कीसकाढ्यास,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी दूधवाल्याच्या मापात बोट घालून बघायचास, तेव्हाच आई म्हणाली होती की याला सासुरवाडी मिळायची नाही. मिळाली का? आधी सांग, चाखण्यापूर्वी किती काळा चहा ढोसला होतास? चहानेच जीभ जाड झाली असेल तर बिचाऱ्या वाइनने काय करावं!

तुझी शंका ह्यांच्या कानावर घातली. म्हणाले, तुरट कुणाला आवडतं, त्याला म्हणावं मुकाट्याने ‘भारदस्त’ लिही. बारा बुचं पाठवतेय. सगळ्या बाटल्या मीच उघडल्या, एकेका दमात. उद्घाटन पंचवीसला आहे. आमची सगळी पुंजी त्यात आहे, हे ध्यानात ठेवून काय ती शंका घे.

माया आहे तशीच आहे, भिंग लावून बघू नकोस.

तुझी अक्का


दि. १४ मार्च

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

सकाळपासून नुसतं पाणी पिऊन पुन्हा चाखली. चहा निर्दोष आहे.

बुचं भिंगाखाली धरली. प्रत्येकात बूच ओढायच्या स्क्रूची दोन भोकं आहेत. तू एकदाच ओढलंस, मग आधी कुणी ओढलं?

पुढचं लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. बुचावरच्या लाल मेणाला दालचिनीचा वास येतो. व्यापारी मेणात दालचिनी कशाला घालेल? दाजी मेण कुठल्या डब्यात ठेवतात, तेवढं बघ. मी चुकलो असेन तर दोन थोबाडीत मार, पण बघ.

रागावलीस तरी लिहीत राहा.

तुझा धाकटा


दि. १९ मार्च

चि. कीसकाढ्यास,
आशीर्वाद.

डबा दालचिनीचाच निघाला. तळघरात नरसाळंही आहे आणि इटलीच्या लेबलाच्या रिकाम्या बाटल्याही. ह्यांचं म्हणणं, नरसाळं तेलाचं, बाटल्या शोभेच्या, आणि तुझा भाऊ माझ्यावर जळतो. मी विश्वास ठेवायचं ठरवलंय. ठरवावं लागलं, यातच काय ते समज.

सोबतचं पाकीट ह्यांनी चिकटवून दिलंय. आत काय आहे, मला सांगितलेलं नाही. बहीण म्हणून वागू की बायको म्हणून, मला कळेनासं झालंय. तू खरं काय ते लिही. आधी तू लिही, मग मी ठरवीन.

वाट बघते.

अक्का


दि. २२ मार्च

ती. अक्का,
शि. सा. न. वि. वि.

ती वाइन वाईट नाही, तिने घेतलेलं सोंग वाईट आहे. लेबलं खरवडून काढा. ‘साधी लाल, मासळीबरोबर’ असं कार्ड मी माझ्या हाताने लिहून सोबत ठेवलंय, खाली सही केलीय. हे लावलंत तर पंचवीसला मासळी भाजायला मी स्वतः येईन. इटलीच्या लेबलाखाली माझं नाव दिसलं, तर मात्र दारात उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला बुचं दाखवीन. मग तू जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल. चालणार नाही खरं म्हणजे, पण दाखवीन.

दार उघडं ठेवलंय, कधीही ये.

तुझा धाकटा

ता. क. पाकिटात काय होतं ते तुला कळायला हवं. दाजींना मी नाही म्हणून कळवलंय. कार्डावर सही करायची, आणि माझीच जीभ चुकली असं तुला पत्राने कळवायचं. दीड लाख.