उशाची फळी

चि. नोहा यास दादाचा प्रभूमध्ये सलाम.

सावेडीला लेकीकडे आम्ही सुखरूप आहोत. डॉक्टर चांगले आहेत, तुझी वैनी दोन घास खाते. फोनवर बोलताना ती शेजारीच असते, म्हणून लिहितोय.

आडवं पडलं की तिला दम लागतो, बसूनच झोपावं लागतं. पलंगाला मागं टेकायला काहीच नव्हतं. मग जवळच्या बांधकामावरून जुन्या फळ्या मागून आणल्या आणि करवत, रंधा घेऊन उशाची फळी बनवली. जावयानं स्क्रू आवळून दिले.

वैनी टेकली आणि कळवळली. पाठीत कुसळ घुसलं. बघतो तर रंधा मारलेली बाजू भिंतीकडं, आणि तिच्या पाठीला खरबरीत. आपल्या चर्चमधल्या मयतांच्या पेट्या करताना मी बाहेरूनच रंधा मारतो ना, आत वैनी पांढरं कापड लावते. हात त्याच सवयीनं चालला.

तिनं लगेच ओळखलं. हसून म्हणाली, "आता कापड कोन लावनार हो?"

 फळी खोलून गॅलरीत नेली आणि रंधा मारत बसलो. गुळगुळीत झाली तरी हात थांबेना. शेवटी तीच आतून ओरडली, "पुरं करा, लई पातळ हुईल!"

शेळी व्याली का? तुझा खोकला कसा आहे?

आणि माळ्यावर पेट्यांसाठी ठेवलेल्या कडुलिंबाच्या फळ्या आहेत, त्या कुणालाही देऊन टाक. आम्ही खर्ड्याला परत येईपर्यंत घरात एकही ठेवू नकोस.

तुझा दादा,
शलमोन